जिन्याच्या जागी

क्लाइव्हला कुठे सडकं लाकूड सापडलं की तो ते काढायचा नाही, त्यात भरायला पुट्टी घ्यायला माझ्याकडे यायचा. टेकडीवरच्या हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे गावात कोण आपल्या घराला काय फासतो ते मला बसल्या जागी कळतं. क्लाइव्ह माझ्या धाकट्या बहिणीचा, लिनेटचा नवरा. नदीकाठच्या खालच्या रस्त्यावरची जुनी घरं पडेल भावात घ्यायची, धुवायची, भोकं बुजवायची, पांढरा रंग मारायचा, फळ्यांवर लाकडासारखा दिसणारा प्लास्टिकचा ताव चिकटवायचा आणि नवे नळ बसवायचे, हा त्याचा धंदा. मग बँकेचा व्हॅल्युअर यायचा, चकचकीत स्वयंपाकघर बघून घराची किंमत वाढवून लिहायचा, आणि त्या वाढलेल्या किमतीवर बँक क्लाइव्हला पुढच्या घरासाठी कर्ज द्यायची. अशी त्याची सहा घरं झाली होती.

“बँकेला रंग दिसतो, नरेल,” तो मला म्हणायचा. “रंगाच्या आत डोकवायचे ते पैसे घेत नाहीत.”

“आणि भाडेकरूला काय दिसतं?”

“भाडेकरूला भाडं दिसतं. दे तो स्वस्तातला डबा.”

“तो एका पावसात सोलून निघतो.”

“व्हॅल्युअर एका उन्हात येऊन जातो.”

असा माणूस. पण वाईट नव्हे, हेही सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यानंतर गावाने त्याला राक्षसच करून टाकलं. माझ्या आईच्या छतावरची पन्हळ दर हिवाळ्यात तो स्वतः शिडी लावून साफ करायचा. तिच्याकडे जाताना भोपळ्याचे स्कोन घेऊन जायचा आणि त्यातले निम्मे स्वतःच खाऊन यायचा. आईला आम्हा दोघी मुलींपेक्षा जावई जास्त आवडत होता आणि ती ते तोंडावर बोलून दाखवायची.

आईचं नाव बेरिल. तिचं घर खालच्या रस्त्यावरच, आणि तिथल्या सगळ्या घरांसारखं उंच खांबांवर. माणसं वर राहायची. खाली मोकळी जागा. तिथे गाडी, कपडे धुवायचं मशीन, वाळत घातलेल्या चादरी, मोडक्या सायकली. नदी आली की खांबांमधून वाहून जायची आणि चार दिवसांनी आम्ही पाइप लावून गाळ धुऊन काढायचो. बाबा असताना आमच्या घरात पुराचं माप समोरच्या जिन्याच्या पायऱ्यांवरच घेतलं जायचं. रेडिओवाला मीटर सांगायचा, बाबा म्हणायचे, “म्हणजे दुसरी पायरी. चहा टाक.” मी शाळेत असताना मोठं पाणी आलं होतं ते खालून चौथ्या पायरीला टेकलं होतं, आणि पायऱ्या होत्या चौदा. त्या पुरात आम्ही व्हरांड्यात बसून खालून वाहून जाणारी कोंबड्यांची खुराडी मोजली होती. भीती वाटल्याचं मला आठवत नाही.

मग आई त्याच जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ते बदललं, आणि डॉक्टरने जिना बंद म्हणून सांगितलं. प्रश्न असा आला की आता आई राहणार कुठे. टेकडीवर म्हाताऱ्यांचं घर होतं, तिथे खोली रिकामी होती. माझ्याकडेही एक खोली होती, पण तिच्यात माझं मांजर राहायचं आणि आईचं नि त्याचं पटत नव्हतं. आईच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे बसलो होतो तेव्हा क्लाइव्हने टोस्टवर लोणी थापत तोंड उघडलं.

“बेरिल, तू कुठेच जायचं नाहीस. तू फक्त खाली यायचंस.”

“खाली म्हणजे? खड्ड्यात?” आई म्हणाली. “अजून वेळ आहे रे त्याला.”

“घराखाली. मी तिथे तुला मस्त फ्लॅट बांधून देतो. एक पायरी चढायला नको. वरचं घर भाड्याने देऊ. तुझ्या घरावर एक पैसा कर्ज नाही, बँक हसत हसत देईल. त्यातून बांधकाम. मग एकाची दोन घरं झाली की किंमत वाढेल, त्या वाढीवर माझं सातवं घर. हप्ता वरचा भाडेकरू भरेल. कुणाच्या खिशाला हात लावायला नको.”

“क्लाइव्ह, घराखालची जागा आपली नाही, नदीची आहे,” मी म्हणाले. “बाबांनी तिथे कधी एक कपाट ठेवलं नाही.”

“नदी भाडं देते का?”

आई खुदकन हसली. माझं डोकंच फिरलं. मी लिनेटला म्हटलं, “तू काहीतरी बोल ना, की नवऱ्याने तोंड शिवून ठेवलंय?” लिनेट म्हणाली, “तुझ्याकडे दुसरा उपाय आहे का, नरेल? मांजराला विचारलंस का?”

“भांडू नका,” आई म्हणाली. “नरेल, तू मला त्या टेकडीवरच्या घरात घालायला निघालीस. तिथे साडेपाचला जेवायला देतात आणि पाण्याच्या भांड्यावर सुद्धा नाव लिहितात. हा मला माझ्या स्वतःच्या कपड्यांच्या दोरीखाली ठेवतोय. मला माझी माणसं दिसतील, माझं लिंबाचं झाड दिसेल. मरायचं ते इथेच मरेन की. दे रे क्लाइव्ह, कुठे सही करायची ते दाखव.”

तिने सही केली. मी त्या दिवशी तिथे चहाही घेतला नाही.

खाली राहायची खोली करायची तर छत पुरेसं उंच हवं. नीट रस्ता म्हणजे जॅक लावून सगळं घर उचलायचं, पण त्याला फार पैसे पडतात. क्लाइव्हने घर उचललं नाही, जमीन खणली. आईच्या नव्या घरात जायला अंगणातून चार पायऱ्या उतराव्या लागत. एक पायरी नको म्हणणाऱ्याने चार केल्या, म्हणून आईने त्याला महिनाभर टोमणे मारले. मग त्याने तिथे कठडा बसवून दिला आणि तिला त्या जमू लागल्या. नगरपालिकेच्या नकाशावर ती सामान ठेवायची खोली होती, बँकेच्या कागदावर स्वतंत्र फ्लॅट. सरकत्या काचेचं एकच दार. खिडक्यांना विमेवाल्यांच्या आग्रहाने लोखंडी गज.

आमच्या घराला आतूनही एक जिना होता. पावसात आईला भिजत खाली जावं लागू नये म्हणून बाबांनी तो मागच्या खोलीतून खाली उतरवला होता. क्लाइव्हने तो काढला. वरच्या-खालच्या दोन बिऱ्हाडांचा संबंध नको होता, शिवाय जिन्याचं भोक बुजवून त्यावर भिंतीतलं कपाट केलं की ती खोली बेडरूम ठरत होती आणि व्हॅल्युअर बेडरूम मोजतात. आई म्हणाली, “तुझ्या सासऱ्याच्या जिन्यावर आता परक्या बाईचे झगे लटकणार.” पण तिने हरकत घेतली नाही.

त्या दिवसांत एकदा क्लाइव्ह दुकानात आला. मी सवयीने छताला लावायच्या सर्वांत स्वस्त जिप्सम बोर्डाकडे वळले.

“ते नको,” तो म्हणाला. “जड वाला दे. आगीला टिकणारा. दोन थर लावायचेत.”

“ताप आलाय का तुला?”

“आणि आवाज अडवायची लोकर दे, जाड. आणि ज्यांवर बोर्ड बसवायचे ते लोखंडी चॅनल. नेहमीपेक्षा दुप्पट.”

“कुठल्या घरासाठी? सरकारी तुरुंग घेतलास की काय?”

तो जरा ओशाळला. “बेरिलची झोप सावध आहे, नरेल. वर पोरंबाळंवाले येणार. पोर रडलं, कुणी रात्रपाळीहून येऊन बूट आपटले की ही टक्क जागी. खुब्याचं दुखणं, त्यात झोप नाही. आणि जिन्याचं भोक बुजवतोय ना, तिथली जमीन पाय पडला की ढोलकीसारखी वाजेल. तिथे मी चॅनल दाट टाकणार आहे. पक्कं करून टाकतो.”

मी त्याला सगळं सामान दिलं आणि मालकाला न विचारता सूटही दिली. मला खरंच बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकायला सामान नेत नव्हता.

वर राहायला तेविता आणि सेला आले. टोंगा बेटांवरचे, त्यांचं एक तान्हं बाळ. तो कत्तलखान्यात कामाला होता, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा धिप्पाड आणि बोलायला लाजरा. आईची त्यांची ओळख म्हणजे दोरीवर कपडे घालताना एकमेकांना हात करण्याइतकी. मी गेले की आई वर बोट दाखवून मिरवायची, “ऐक. ऐक ना. काही ऐकू येतं? तीन माणसं आहेत वर. बाळाला दात येतायत. मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. क्लाइव्हचं काम.” दोन वर्षं ती तिथे सुखात राहिली, हे मी नाकारणार नाही. उलट तिच्या तोंडावर मी हरले असं म्हटलंही होतं आणि ते तिने रस्त्यावर सगळ्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा संपता संपता पाऊस लागला तो थांबेचना. संध्याकाळी रेडिओवर आकडा सांगितला. माझ्या शाळेच्या दिवसांतल्या मोठ्या पाण्याएवढं पाणी येणार. मी आईला फोन केला.

“ऐकलंस का?”

“ऐकलं. चौथी पायरी.”

“चौथी. माझ्याकडे येतेस का?”

“आत्ता या पावसात? मांजराबरोबर? सकाळी बघू. चौथ्या पायरीला काय घाबरायचं, मी तुझ्या बापाबरोबर चौथी पायरी बघितली आहे.”

मीही म्हणाले, बरं, सकाळी बघू. आणि निवांत झोपले. लिनेट आणि क्लाइव्ह शहरात होते, सातवं घर बघायला. त्यांनीही तिला फोन केला, तिने त्यांनाही चौथी पायरी सांगितली आणि त्यांनाही ती पटली. आम्ही सगळे त्या रस्त्यावर वाढलेले. चौथी पायरी म्हणजे काही नाही, हे आमच्या हाडात भिनलेलं. आई आता पहिल्या पायरीच्याही खाली राहते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. जन्मभर वरून नदी पाहिलेली बाई रेडिओ ऐकताना मनाने वरच बसली होती, आणि आम्ही तिच्या शेजारी.

सकाळी दुकान लवकर उघडलं होतं. लोक दोर, ताडपत्री, कंदील मागत होते. रेडिओ म्हणत होता की रात्रीचा आकडा विसरा, नदी बांध ओलांडून गेली आहे. मी आईला फोन लावायला घेतला तर तिचाच आला.

“नरेल, मोरीतून पाणी उलटं येतंय.”

“बाहेर नीघ. आत्ता. काठी घे आणि नीघ.”

“निघाले होते गं. दारात गेले तर अंगणातलं पाणी पायऱ्यांवरून धबाधबा आत. मी कठडा धरला, पण पाय टिकेना. परत आत आले. आता गुडघ्यापर्यंत आहे.”

मी मोबाइल कानाला तसाच ठेवला आणि दुकानाच्या फोनवरून आपत्कालीन नंबर लावला. रांगेत ठेवलं. बंद करून लिनेटला लावला, तिच्याकडून तेविताचा नंबर घेतला. एक गिऱ्हाईक, सगळं ऐकत असलेलं, काही न बोलता आपली पत्र्याची होडी काढायला निघून गेलं. खालच्या रस्त्यावर तारा तुटून पाण्यात पडल्या होत्या, त्याला तिथवर पोचायला फार वेळ लागला. त्याचा काही दोष नाही.

तेविताने लगेच उचलला. “खाली? म्हातारी बाई खाली आहेत?” त्याचा आवाज बदलला. “काल त्यांची गाडी दिसली नाही. आम्हाला वाटलं तुम्ही लोक घेऊन गेलात.”

आईची गाडी लिनेटने दुरुस्तीला टाकली होती. त्याला कोण सांगणार? दोन घरांत एक दार नव्हतं, एक आवाज जात नव्हता.

तो समोरच्या जिन्याने खाली उतरला. पाणी त्याच्या छातीला लागलं, मग दाराशी उतरताना गळ्याला. काचेच्या दारापर्यंत तो पोचला, पण आतून फ्रिज आणि कोच तरंगत येऊन दाराला अडकले होते, दार सरकेना. काच फोडली तर पाण्याच्या जोरात फ्रिज आणखीच घट्ट बसला. गज हलेनात. तो परत वर आला तेव्हा त्याचे हात कापलेले होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा त्याने फोनवर एवढंच सांगितलं, “बाहेरून होत नाही. कुऱ्हाड आहे माझ्याकडे. जमीन फोडतो.”

“आई,” मी मोबाइलवर म्हणाले, “तेविता वरून फोडतोय.”

“कुठे? बैठकीच्या खोलीत नको म्हणावं. ती जुनी फळी आहे, तुझ्या बापाचे खिळे वाकायचे तिथे. मागच्या खोलीत सांग. कपाटात. जिना होता ना तिथे. तिथे नवं लाकूड आहे, पातळ.” तिचे दात वाजत होते, पण डोकं जाग्यावर होतं. “मी तिथेच जाते. स्टूल आहे, त्यावर उभी राहते.”

मी तेविताला सांगितलं. कपाटातले कपडे ओढून फेकल्याचा आवाज आला, मग घाव. पहिल्या काही घावांतच तो ओरडला, “फुटतंय! फुटतंय, ताई!” दुकानात उभ्या लोकांनी ते ऐकलं आणि कुणीतरी टाळी वाजवली. मला वाटलं, झालं. आता काढेल.

मग लोखंडावर कुऱ्हाड आपटल्याचा आवाज आला. परत. परत.

मी तिसरा फोन, कुणाचा होता देव जाणे, हातात घेतला आणि लिनेटला म्हणाले, क्लाइव्हला दे.

“जिन्याच्या जागी काय घातलंयस?”

“कुठल्या?” तो म्हणाला.

“क्लाइव्ह! आई खाली पाण्यात आहे, तेविता वरून फोडतोय. त्या कपाटाखाली काय आहे?”

“चॅनल,” तो म्हणाला. “लोखंडी.”

“किती अंतरावर?”

“दाट टाकलेत. माणूस... नरेल, माणूस जाणार नाही त्यातून. त्याला दुसरीकडे फोडायला सांग. बैठकीत. तिथे तुळया लांब लांब आहेत. वेळ लागेल, पण माणूस जाईल. लगेच सांग त्याला.”

मी तेविताला सांगायला दुसरा फोन कानाला लावला. तोपर्यंत त्याने दोन चॅनलच्या मधली लोकर उपसून खालचे दोन्ही बोर्ड फोडले होते. भोक हात जाईल एवढं. खांदा जात नव्हता. आणि आईने खालून हात वर केला होता.

“धरलाय मी,” तो म्हणाला. “हात धरलाय त्यांचा. गार पडल्यात.”

“सोड तो आणि बैठकीत फोड. क्लाइव्ह म्हणतो तिथून निघेल.”

“कसा सोडू? स्टूल हलतंय. पाणी त्यांच्या गळ्याशी आहे. माझ्या हातावर उभ्या आहेत त्या. सोडला तर जातील.”

मी काय सांगायला हवं होतं? आजवर मला कुणी ते सांगू शकलेलं नाही. सेलाने कुऱ्हाड उचलली आणि ती बैठकीत घाव घालू लागली, पाठीशी बाळ बांधून. ते बाळ किंचाळत होतं ते मला सगळं ऐकू येत होतं. जुनं लाकूड. ती घालत राहिली.

आईचा मोबाइल केव्हाच पाण्यात गेला होता. तेविताने आपला फोन भोकाशी धरला. तिचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

“नरेल.”

“आई, होडी निघाली आहे. दम धर. सेला दुसरीकडे फोडतेय.”

“ह्या पोराचा हात केवढा आहे गं.” मग ती म्हणाली, “नरेल, क्लाइव्हला सांग. जन्मात एकदा पक्कं काम केलंस. तेही माझ्याच डोक्यावर.”

आणि ती हसली. मी शपथेवर सांगते, हसली. तिला हसू आवरायचं नाही, विशेषतः दुसऱ्याची टिंगल करताना. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तेविताशी काहीतरी बोलत होती, बाळाचं नाव विचारत होती. तो सांगत होता आणि ती पुन्हा विचारत होती. पुढे ती विचारेनाशी झाली. थंडीने तिचं हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं, नाकातोंडात पाणी जायच्या आधीच. ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं होतं, मी विचारलं नाही.

तेविताने हात सोडला नाही. होडीवाले वर चढून आले तेव्हाही तो कपाटात पालथा पडून होता, खांद्यापर्यंत हात भोकात घालून, आणि सेला बैठकीतल्या एका फळीपाशी गुडघ्यावर बसली होती. तिने दोन फळ्या काढल्या होत्या. तिसरी अर्धी तुटली होती.

पाणी ओसरलं. आईला टेकडीवर पुरलं, कारण खालची दफनभूमी अजून चिखलात होती. तिला टेकडी कधी आवडली नव्हती. क्लाइव्ह दफनाला मागे उभा राहिला, लोक त्याच्यापासून दूर सरकून उभे राहिले आणि मीही सरकले. मला त्याचा इतका राग होता की त्याचं तोंड बघवत नव्हतं. खणलेल्या जमिनीचा राग, गजांचा राग, एका बेडरूमसाठी काढलेल्या जिन्याचा राग. लिनेटशीही मी बोलत नव्हते.

काही आठवड्यांनी तो दुकानात आला. दुकानात गर्दी होती, ओले बोर्ड फाडून नवे लावायला सगळं गाव आलं होतं. तो रांगेत उभा राहिला, त्याच्या हातात काहीच सामान नव्हतं. दाढी वाढलेली, शर्ट दोन आकडे मोठा वाटत होता. नंबर आला तेव्हा काउंटरवर दोन्ही हात टेकवून म्हणाला, “नरेल, ती माझ्याबद्दल काही बोलली का?”

त्याला सांगायचे शब्द मी रोज रात्री मनात घोळवत होते. कसे सांगीन, कुठे थांबेन, तेसुद्धा ठरवलं होतं. मी त्याला मागच्या गोदामात नेलं, बोर्डांच्या थप्पीवर बसवलं आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. जन्मात एकदा पक्कं काम केलंस. तेही माझ्याच डोक्यावर. हसली होती, हेही सांगितलं.

त्याने मान हलवली. मला वाटलं रडेल, पण तो बोलायलाच लागला, खाली बघत, हळू.

“स्क्रू मी वीतभर अंतरावर मारले होते. लोक हातभर अंतरावर मारतात. मीही तसेच मारायचो. चॅनलच्या टोकांना रबर लावलं होतं, पावलाचा आवाज उतरू नये म्हणून. सांधे दोनदा भरले. लिनेट म्हणाली, कोण बघणारे आत? म्हटलं, बेरिल झोपणारे खाली. चार दिवसांचं काम, मी बारा दिवस करत होतो. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही, नरेल.” मग त्याने वर पाहिलं. त्याचे डोळे लाल होते आणि त्यांत एकच प्रश्न होता, तो त्याने विचारलाच. “मी नेहमीसारखं केलं असतं तर? स्वस्तातलं, लांब लांब? तर तो तिला ओढून काढू शकला असता का?”

बाहेर कुणीतरी माझ्या नावाने हाका मारत होतं. मला त्याचं सांत्वन करता आलं असतं. पाणीच एवढं होतं, कशानेच काही झालं नसतं, असं म्हणता आलं असतं, आणि त्याने विश्वासही ठेवला असता. तेवढी दया माझ्याकडे त्या दिवशी नव्हती, आणि उत्तरही दुसरं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले.

तो तसाच बसून राहिला. मी शेजारी बसले, आणि बाहेरच्यांना थांबू दिलं.